रहमीम : एका नोंदीची रोजनिशी

२६ ऑगस्ट २०२४, सोमवार

कोकणातल्या बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या, नावांचा कोश दोन महिने बासनात होता. आज पुन्हा उघडला. भाच्याने तक्ता करून दिलाय: नाव, हिब्रू अक्षरं, उच्चार, मराठी रूप, लिंग, अर्थ. अर्थाच्या रकान्यात साठच अक्षरं बसतात. "मावशी, साठात मावत नाही तो अर्थ नसतो, निबंध असतो," असं तो म्हणतो. बघू.

आजचं निमित्त म्हणजे ठाण्याच्या काकांकडचा पत्र्याचा डबा. आत जुन्या चोपडीची काही पानं निघाली. एका पानावर येणेकऱ्यांची नावं आहेत आणि त्यात काकांच्या पणजोबांचं. मी पहिल्यांदा ‘रामाजी’ वाचलं आणि पुढे गेले. काकांनी बोट ठेवलं. "अहो, मधला ‘ह’ खाल्लात तुम्ही." खरंच की. रहमाजी बिन इसाजी. रहमाजी म्हणजे हिब्रूतला रहमीम, आता याच नावाची नोंद करायची. आडनाव इथे लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे.

हा ‘बिन’, म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’, मात्र मजेशीर आहे. जुन्या मराठी कागदांत तो कुणब्यापासून पाटलापर्यंत सगळ्यांच्या नावांत सापडतो. आला अरबी-फारसीकडून. हिब्रूतला ‘बेन’ त्याचा सख्खा चुलतभाऊ. म्हणजे या एका ओळीत काकांचे पणजोबा कोकणी शेजाऱ्यांसारखेही लिहिले गेलेत आणि आपल्या मूळ भाषेच्या अगदी जवळही. लिहिणाऱ्या कारकुनाच्या हे गावीही नसेल.

२९ ऑगस्ट

मराठी रूपांचा रकाना भरला. शामुएलचा समाजी, यहेज्केलचा हसाजी, इसहाकचा इसाजी, मोशेचा मुसाजी, रहमीमचा रहमाजी. सगळ्यांना शिवाजी-संभाजीतला ‘जी’ लागलाय. पुढे बापाचं नाव आणि शेवटी गावावरून आलेलं ‘कर’ आडनाव. मुंबईचं पहिलं सिनेगॉग (यहुद्यांचं प्रार्थनामंदिर) बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर आपल्या लोकांत समाजी हसाजी दिवेकर होते. इंग्रजीत वाचलं तर वाटतं कुणी परदेशी गृहस्थ असावेत, मराठीत वाचलं तर शेजारच्या आळीतले.

यातलं हसाजी मला फार आवडतं. त्याचा हसण्याशी काडीचा संबंध नाही.

एक गोष्ट टिपून ठेवते, पुढे लागेल. ‘जी’ लागताना रहमीममधला ‘ईम’ गळला. समाजीत ‘एल’ गळला तसाच हाही, असं म्हणून सोडून देणार होते. पण हा ‘ईम’ नुसता शेपटाचा आवाज नाही, हिब्रूतला तो अनेकवचनाचा प्रत्यय आहे.

२ सप्टेंबर

अर्थाच्या रकान्याला आज हात घातला. बाळांच्या नावांच्या याद्या सगळीकडे एकच सांगतात: रहमीम म्हणजे दया. चूक नाही. पण ‘दया’ लिहून पुढे जाणं म्हणजे पुरणपोळीला ‘गोड पदार्थ’ म्हणणं.

मूळ अक्षरं तीन आहेत: रेश, हेत, मेम. याच तिन्हींचा ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय, आईची कूस. आणि रहमीम हे त्याच कुळातलं अनेकवचनी नाम. शब्दशः ‘गर्भाशयं’ असं भाषांतर करू नये, हिब्रू बोलणारा तसं ऐकत नाही. पण दोन्ही शब्द एका धातूचे आहेत हे हिब्रू ग्रंथांनाही ठाऊक होतं. बायबलमधल्या यशया ४९:१५ मध्ये प्रश्न आहे: तान्ह्याला आई विसरेल का, पोटच्या पोरावर माया करायची राहील का? ‘माया करणं’ या क्रियापदाची मुळाक्षरं तीच, रेश-हेत-मेम.

मराठीत ‘दया’ वरून खाली येते. राजा दया करतो, सावकार दया करतो, देव दया करतो. हा हिब्रू शब्द मात्र पोटातून येतो. आपल्याकडे त्यासाठी शब्द कमी आहेत का? आतडं तुटतं, पोटात कालवतं, जीव कळवळतो, पोटची माया असते. ‘माया’, ‘कळवळा’, ‘आतड्याचा ओलावा’ असे तीन पर्याय कच्च्या वहीत लिहून ठेवलेत. शेवटचा जरा नाटकी होतोय.

४ सप्टेंबर

आज हिब्रू पंचांगातला एलूल महिना लागला. काकांनी फोनवर सांगितलं की आता महिनाभर पहाटेच्या सेलिहोत, म्हणजे क्षमेच्या प्रार्थना. या प्रार्थनांत निर्गम ३४:६–७ मधलं देवाच्या तेरा गुणांचं वचन पुन्हा पुन्हा येतं आणि त्यात ‘रहूम’ आहे. तोही याच धातूचा. काका म्हणाले, "आमच्या पणजोबांचं नाव आता रोज दहादा तोंडात येणार." बरोबर दहा का, विचारलं नाही.

संध्याकाळी दोन वचनं शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि उठवेना. १ राजे ३:२६ म्हणजे शलमोनाचा तो न्याय. दोन बायका, एक जिवंत मूल, राजा म्हणतो तलवार आणा. खऱ्या आईचं काय होतं? ‘निख्मरू रहमेहा’. तिचे रहमीम पेटले, उकळून वर आले. मग ती म्हणते, मूल तिला द्या पण मारू नका.

दुसरं उत्पत्ती ४३:३०. मिसरमध्ये योसेफ मोठा अधिकारी झालाय, त्याला विकून टाकणारे भाऊ धान्यासाठी समोर उभे आहेत आणि त्यांच्यात सर्वांत धाकटा, सख्खा भाऊ बिन्यामीन आहे. योसेफ घाईघाईने आतल्या खोलीत जाऊन रडतो. का? ‘निख्मरू रहमाव’. तेच क्रियापद, तेच नाम. सर्वनाम तेवढं पुल्लिंगी. हा तुरुंगातून वर आलेला, राजदरबारात मुरलेला पुरुष आहे, आणि त्याला जे होतं ते लिहायला हिब्रूने आईसाठीचाच शब्द वापरला, दुसरा शोधला नाही.

हे नाव पुरुषाचं कसं, असं मला भाचीने विचारलं होतं. उत्तर इथे आहे. तिला दोन्ही वचनं पाठवली. तिने अंगठा पाठवला.

७ सप्टेंबर

गणपती. काम नाही. काकांकडून करंज्या आल्या, मी मोदक पाठवले.

११ सप्टेंबर

अनेकवचनाचं प्रकरण. एका माणसाचं नाव अनेकवचनी कसं? शोधायला लागल्यावर दिसलं की हा एकटा नाही. हाईम म्हणजे आयुष्य, रूप अनेकवचनी. निसीम म्हणजे चमत्कार, पुष्कळ. बेने इस्राएलांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर आणि मुंबईचे कवी निसीम इझिकेल (१९२४–२००४) हे दोघेही व्याकरणाने अनेकवचनी गृहस्थ!

तिघांत फरक आहे, तो नोंदवायला हवा. ‘निसीम’चं एकवचन ‘नेस’ रोजच्या वापरात आहे: एक चमत्कार, दोन चमत्कार. ‘हाईम’चं तसं नाही, एक आयुष्य म्हणायचं तरी हाईमच. रहमीम हाईमच्या बाजूचा. त्याचं एकवचन करायला गेलं तर हातात गर्भाशय येतं.

भाच्याला हे पटेना. "अनेकवचन आहे पण एकवचन नाही, असं कसं चालेल?" मी म्हटलं, तुझे प्राण गेले तर मी ‘प्राण गेला’ म्हणेन का? तुझे लाड झाले, एक लाड झाला का? कष्ट केलेस, परीक्षेत हाल झाले. मराठी माणूस दिवसभर असली अनेकवचनं बोलतो. जे एका घोटात मोजता येत नाही, सतत वाहत असतं, त्याला भाषा अनेकवचन देते. भाचा म्हणाला, "हे साठ अक्षरांत बसवून दाखव." पाजी आहे.

पण त्यावरून २९ ऑगस्टची नोंद आठवली. कोकणात हिब्रू अनेकवचन गळलं आणि तिथे ‘जी’ बसला. आपल्याकडे ‘जी’वाल्या माणसाचं क्रियापद अनेकवचनी होतं: रहमाजी आले, रहमाजी बसले. एका दाराने गेलेलं वचन दुसऱ्या दाराने आलं. हा निव्वळ योगायोग आहे, कोशात घालणार नाही. वहीत राहू दे.

१४ सप्टेंबर

आज सकाळी निराशा, दुपारनंतर करमणूक.

निराशा अशी की बायबलमध्ये रहमीम नावाचा माणूसच नाही. शब्द ढिगाने आहे, माणूस एकही नाही. म्हणजे ‘बायबलमधलं नाव’ असा शेरा मारता येणार नाही, जो पुष्कळ याद्या बिनदिक्कत मारतात. माणसाचं नाव म्हणून तो पुढे रुळला, तोही मुख्यतः पूर्वेकडच्या यहुद्यांत: बगदाद, इराण, हलब (अलेप्पो), तुर्कस्तान. युरोपातल्या यहुद्यांत तो विरळाच.

मग त्याची भावंडं बायबलमध्ये शोधली. १ इतिहास २:४४ मध्ये वंशावळीतला एक रहम आहे, एका ओळीत येतो आणि जातो. त्याच अध्यायात यरहमेल आहे, ‘देव माया करो’. होशेय १:६ मध्ये संदेष्ट्याच्या मुलीचं नाव लो-रुहामा, ‘जिच्यावर माया झाली नाही ती’. स्वतःच्या मुलीचं नाव असं ठेवायचं म्हणजे हद्दच. पुढच्याच अध्यायात ‘लो’ काढून टाकून नुसतं रुहामा होतं, तेव्हा वाचणाऱ्याला बरं वाटतं.

आणि रहूम. ‘मायाळू’. नहेम्या ३:१७ मध्ये या नावाचा एक लेवी, म्हणजे मंदिरसेवेच्या कुळातला माणूस, यरुशलेमचा कोट बांधायला हातभार लावतो. इथवर ठीक. पण एज्रा ४:८ मध्ये याच नावाचा एक पारशी साम्राज्याचा अधिकारी आहे आणि तो राजा अर्तहशश्तला लांबलचक तक्रार-अर्ज पाठवतो, की हे लोक शहर बांधतायत, यांना थांबवा. नाव दयाळू आणि धंदा अर्ज-विनंतीचा. आपल्याकडेही दयानंद नावाचे हेडक्लार्क असतातच.

अर्वाचीन काळातला एक रहमीमही राजकारणामुळेच लोकांच्या लक्षात राहिला. १९५६ मध्ये यरुशलेमच्या नगरपालिकेत रहमीम कलांतर यांनी पक्षाचा आदेश झुगारला आणि उपमहापौरपद मिळवलं. इस्राएलमध्ये अशा पक्षांतराला तेव्हापासून ‘कलांतरिझम’ म्हणतात. आपल्या ‘आयाराम-गयाराम’च्या ते अकरा वर्षं आधीचं. शब्दात आडनाव अडकलं, नाव सुटलं, एवढीच रहमीमांची इभ्रत वाचली.

१८ सप्टेंबर

मस्जिद बंदर. गाडीत उभ्याने.

स्टेशनाच्या नावामागे इथलं सिनेगॉग आहे असं सांगतात. बेने इस्राएल लोक सिनेगॉगला मशीद म्हणत. समाजी हसाजींनी १७९६ मध्ये बांधलेली ती जुनी मशीद आणि १८४० मध्ये दुसरी झाली ती नवी मशीद. जुनीचं हिब्रू नाव शाआर हारहमीम. शाआर म्हणजे दरवाजा. रहमीमचा दरवाजा.

सॅम्युएल स्ट्रीटवर हातगाड्या, हमाल, पोत्यांच्या थप्प्या. दोन दुकानांत पत्ता विचारला. एकाने मशिदीकडे बोट दाखवलं, म्हणजे खऱ्या मशिदीकडे. दुसऱ्याने विचारलं, "ज्यू लोगोंका?" आणि बरोबर पाठवलं. आत जाता आलं नाही, आधी कळवायला हवं होतं. चूक माझी. बाहेर उभी राहून हिब्रू पाटी वाचत बसले आणि एका गाडीवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

समाजींची कथा समाजात अशी सांगतात: ते कंपनीच्या फौजेत होते, म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या हाती सापडले. कैद्यांना जात विचारली तेव्हा ‘बेने इस्राएल’ म्हणाले. टिपूच्या आईने ते ऐकलं. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते बनी इस्राईल हेच, असं म्हणून तिने रदबदली केली आणि त्यांचा जीव वाचला. सुटलो तर देवाचं घर बांधीन हा त्यांचा नवस. कथेत कागदोपत्री किती आणि आजीच्या गोष्टीतलं किती हे वेगळं करण्याचा हा कोश नाही. पण एका आईने दुसरीच्या मुलाला वाचवलं आणि त्या सुटकेतून उभ्या राहिलेल्या वास्तूच्या नावात आईच्या कुशीचा शब्द आहे, हे स्टेशनच्या पुलावर उभं असताना लक्षात आलं, आणि माझी ठाणे लोकल गेली.

यरुशलेममध्येही एक शाआर हारहमीम आहे, मंदिराच्या टेकडीच्या पूर्व बाजूला, दगडांनी चिणून बंद केलेला. अरबीत तो बाब अर-रहमा. नाव तेच.

२१ सप्टेंबर

गेल्या नोंदीत अरबीचं नाव निघालंच, तर आज तेही उरकलं. रहमान, रहीम, रहमत आणि आपण हिंदी सिनेमातून उचललेला ‘रहम’, सगळे याच तीन अक्षरांचे. अरबीतही ‘रहिम’ म्हणजे गर्भाशय. दोन भाषांनी एकमेकींकडून उसनं घेतलेलं नाही, दोघींचं माहेर एक.

याचा काकांच्या वडिलांना फटका बसला होता. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर आजोबांचं नाव, तेही रहमीम, कुणीतरी ‘रहीम’ केलं. पुढे एका कचेरीत ते दुरुस्त करायला सात खेपा. तिथल्या बाबूचं म्हणणं, एका ‘मी’ने काय बिघडतं? काकांच्या वडिलांचं म्हणणं, एका ‘मी’ने माझा आजा बदलतो.

कोशात शेरा घालायचा: रहीम नव्हे. रहीम हे विशेषण, एकवचनी, ‘दया करणारा’. रहमीम हे नाम. करणारा नाही, प्रत्यक्ष ती मायाच.

२४ सप्टेंबर

उच्चाराचा रकाना. काकांचा नातू इस्राएलमध्ये अश्दोदला असतो. व्हिडिओवर त्याला नाव म्हणायला लावलं. तो ‘राखामीम’ म्हणाला, घशातून ख घासत, शेवटच्या ‘मीम’वर जोर देत. काका उखडले. "ख कुठला? हेत आहे तो. खोल ह." नातू म्हणाला, आबा, इथे सगळे असंच म्हणतात. दोघंही बरोबर. बगदादी आणि येमेनी वळणात हेत हा घशाच्या तळातला ह आहे, आजच्या इस्राएलमध्ये बहुतेकांच्या तोंडी तो ख-सारखा येतो.

नातवाने आणखी सांगितलं की आता हे नाव कुणी ठेवत नाही, ते आजोबांच्या पिढीचं वाटतं. ज्यांचं आहे ते स्वतःला रामी म्हणवून घेतात. रामी! २६ ऑगस्टला मी ‘रामाजी’ वाचलं ते काही अगदीच वाया गेलं नाही.

लेखन ‘रहमीम’ ठेवते. ‘रहामीम’ अक्षराला जास्त इमानी आहे, पण काकांच्या घरी चार पिढ्या ‘रहमीम’ लिहितात. घरच्यांचं ऐकावं.

२७ सप्टेंबर

अंकांचा हिशेब केला, कारण कोशाच्या प्रत्येक नोंदीत तो आहे. हिब्रूत प्रत्येक अक्षराला एक अंक असतो. रेश २००, हेत ८, मेम ४०, योद १०, मेम ४०. बेरीज २९८. शेवटचा ‘ईम’ काढला तर रेहेम २४८. अब्राहामचीही बेरीज २४८. जुन्या रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) मोजणीत माणसाचे अवयव २४८. माझा यावर विश्वास नाही, पण बेरीज दोनदा तपासली.

३० सप्टेंबर

मिद्राशमधला, म्हणजे रब्बींनी केलेल्या बायबलच्या विवरणातला, एक दृष्टान्त, उत्पत्तीवरच्या ‘बरेशीत रब्बा’तला. राजाकडे रिकामे पेले होते. तो म्हणाला, गरम ओतलं तर फुटतील, गार ओतलं तर आक्रसून तडकतील. मग त्याने गरम-गार मिसळून ओतलं आणि पेले टिकले. देवानेही तसंच म्हटलं: नुसत्या रहमीमवर जग निर्माण केलं तर पापं माजतील, नुसत्या ‘दीन’वर म्हणजे न्यायावर केलं तर ते टिकणार नाही. म्हणून दोन्ही.

ठाण्याच्या मावशी, म्हणजे काकांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे विसण घातलं म्हणा की." आंघोळीच्या कढत पाण्यात ओततात ते गार पाणी. मी गेले महिनाभर कोश चाळतेय आणि त्यांनी पोळी उलटता उलटता काम केलं. दृष्टान्तातलं गरम कुठलं नि गार कुठलं हे मात्र तिथे सांगितलेलं नाही. मावशींच्या मते न्याय गरम असतो.

१२ ऑक्टोबर

दसरा. आणि याच दिवशी किप्पूर, म्हणजे यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा उपास, काल संध्याकाळपासून. कोकणातले जुने बेने इस्राएल याला दारफाळणीचा सण म्हणत, कारण दारं लावून घरात बसायचं, उपास करायचा, कुणाशी व्यवहार नाही. मी सोनं द्यायला जाणार होते. मावशींनी परवाच बजावलं होतं, "दिवे लागल्यावर या, त्याआधी दार उघडणार नाही."

अंधार पडल्यावर गेले. काका दिवसभराच्या उपासाने पांढरे पडले होते पण खुशीत होते. आपट्याची पानं घेतली, सरबत दिलं. किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेचं नाव नेइला, म्हणजे दार लावणं. आधी महिनाभर रहमीमचा दरवाजा उघडा, आज तो बंद होतो, अशी ती कल्पना. मी विचारलं, मग आता पणजोबा वर्षभर बाहेर? काका म्हणाले, "ते आत राहूनच कडी लावतात."

१५ ऑक्टोबर

नोंद पक्की केली. ‘कळवळा’ की ‘माया’ यावर दोन दिवस गेले. कळवळा क्षणात येतो आणि जातो. योसेफ आणि ती आई यांना जे झालं ते कळवळ्यासारखंच होतं. पण नाव आयुष्यभर वागवायचं असतं, तेव्हा माया. ‘दया’ काढून टाकणार होते. काका नको म्हणाले: योसेफ यहेज्केल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात प्रार्थना मराठीत आणल्या तेव्हापासून समाजाच्या कानाला तोच शब्द आहे. राहिला.

अर्थ: पोटची माया, कळवळा; दया. अनेकवचनी नाम. ‘रहीम’ नव्हे.

अंतर सोडून मोजलं, बसलं. भाच्याने तक्त्यात ‘वचन’ असा नवा रकाना घातलाय. सध्या त्यात तीनच नावं भरली आहेत, बाकी सगळीकडे आडवी रेघ. ‘एफ्राईम’ तिथे टाकायचं का, असं तो विचारतोय. त्याचा शेवटचा ‘ईम’ हा ‘आयिम’ आहे, ते द्विवचनासारखं दिसतं. उद्या बघते.